बाँड संपल्यावरचा डॉक्टर

पूर्व केंटकी, वेस्ट व्हर्जिनियाचा दक्षिण भाग आणि व्हर्जिनियाचं नैर्ऋत्य टोक मिळून अमेरिकेतला एक जुना कोळसापट्टा होतो. डोंगर फार उंच नाहीत, पण दऱ्या चिंचोळ्या. तळाशी ओढा, त्याला चिकटून कोळशाच्या गाड्यांचा रेल्वेफाटा, कडेने रस्ता, आणि उरलेल्या पट्टीत घरं, शाळा, चर्च, रुग्णालय. या गावांतल्या रुग्णालयांच्या नामफलकांवर गेली पन्नासेक वर्षं सांतोस, रेयेस, बाउतिस्ता अशी आडनावं दिसत आली आहेत. नवख्याला ती मेक्सिकन वाटतात. असतात ती फिलिपिन्सची. तिथल्या तीनशेहून अधिक वर्षांच्या स्पॅनिश सत्तेची ती खूण.

असा डॉक्टर गावात कसा आला, हे गावात दैवयोगासारखं सांगितलं जातं. खरं तर त्याला तिथे आणून सोडणाऱ्या कायद्यांची कलमं तारखांसकट दाखवता येतात. तो तिथे राहिला याचं कलम मात्र कुठेच सापडत नाही. सरकारी महाविद्यालयातून डॉक्टर होऊन ग्रामीण भागात बाँडचं वर्ष काढणारी मुलं महाराष्ट्रातही घरोघर आहेत, त्यामुळे प्रश्न आपल्या ओळखीचा आहे: बाँड माणूस आणतो, पण टिकवतो कोण?

आधी येण्याचं. १८९८ मध्ये फिलिपिन्स स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात गेला. मनिलात सांतो तोमास विद्यापीठात १८७१ पासून वैद्यकशास्त्र शिकवलं जात होतंच. अमेरिकनांनी १९०५ मध्ये आपलं वेगळं महाविद्यालय काढलं, ते पुढे फिलिपिन्स विद्यापीठाचं झालं. शिकवणं इंग्रजीत, पुस्तकं अमेरिकन, केसपेपर लिहायची पद्धतही अमेरिकन. १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला, अभ्यासक्रम तोच राहिला. १९४८ पासून ‘एक्स्चेंज व्हिजिटर’ योजनेखाली तरुण डॉक्टर आणि नर्स अमेरिकेत शिकायला जाऊ लागले आणि शिक्षणाच्या नावावर तिथल्या रात्रपाळ्या भरू लागले. १९६५ च्या कायद्याने जुना वांशिक कोटा गेला, देशागणिक वर्षाला वीस हजारांपर्यंत व्हिसा मिळू लागले आणि शिकलेल्या व्यावसायिकांना त्यात प्राधान्य आलं. १९७० च्या दुरुस्तीने एक्स्चेंजवर आलेल्या अनेकांची मायदेशी परतण्याची अट सैल झाली. सप्टेंबर १९७२ मध्ये फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी मार्शल लॉ पुकारला. बाहेर पडायचं कारण आणि बाहेर पडायची वाट, दोन्ही एकाच वेळी मिळाली.

कोळसापट्ट्यात याच सुमारास उलटं चालू होतं. खाणकामगार संघटनेच्या कल्याणनिधीने १९५६ मध्ये तीन राज्यांत मिळून दहा रुग्णालयं उघडली होती: केंटकीत हॅझर्ड, हार्लन, पाइकव्हिल वगैरे, वेस्ट व्हर्जिनियात बेकली आणि मॅन, व्हर्जिनियात वाइज. या निधीचा झरा म्हणजे काढलेल्या दर टन कोळशामागे मिळणारी रॉयल्टी. तो आटू लागला तेव्हा १९६३-६४ मध्ये रुग्णालयं एका नव्या ना-नफा संस्थेकडे गेली. इमारती पक्क्या होत्या आणि रुग्णांना तोटा नव्हता. डॉक्टरांच्या जागा मात्र भरत नव्हत्या, कारण अमेरिकन पदवीधर शहराकडे आणि स्पेशालिटीकडे निघाले होते. त्या जागांवर फिलिपिनो आले, भारतीयही आले.

या पहिल्या पिढीला जे मिळालं ते बहुतेक दुसऱ्यांनी नको म्हटलेलं होतं. राज्यांची मनोरुग्णालयं, भूलतज्ज्ञाची नोकरी, पॅथॉलॉजी. काही राज्यांत पूर्ण परवाना मिळेपर्यंत फक्त एखाद्या सरकारी संस्थेपुरतं काम करायची मुभा असे. जनरल सर्जन लहान गावी गेला तर अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशय, सिझेरियन, मोडलेलं मनगट असं सगळं त्याच्याच टेबलावर. शहरातल्या सर्जनचा हात एकाच अवयवावर बसतो. याचा सगळ्यांवर बसलेला, म्हणून त्याच्या जागी दुसरा आणणं पुढे इतकं अवघड झालं.

१९७६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने देशात आता डॉक्टरांचा तुटवडा नाही असं कायद्यातच लिहून टाकलं आणि परदेशी डॉक्टरांसाठी नवी, कठीण परीक्षा लावली. शहरं मोजून काढलेला तो निष्कर्ष डोंगराला लागू नव्हता. अठरा वर्षांनी, १९९४ मध्ये, नॉर्थ डकोटाचे सेनेटर केंट कॉनराड यांच्या नावाची योजना आली, आणि आजचा डॉक्टर बहुधा तिच्यातूनच येतो. तिचे टप्पे नीट समजून घेण्यासारखे आहेत. माणसं अडतात ती त्यांच्याच फटींत.

फिलिपिन्समध्ये डॉक्टर व्हायला आधी चार वर्षांची पदवी, मग प्रवेशपरीक्षा, चार वर्षं वैद्यकीय शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप आणि शेवटी बारा विषयांची परवाना परीक्षा. त्या परीक्षेत सरासरी ७५ टक्के लागतात आणि एकाही विषयात ५० च्या खाली जाऊन चालत नाही. त्यानंतर अमेरिकेच्या परीक्षा. स्टेप १ मध्ये २०२२ पासून गुण न देता फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण सांगतात, त्यामुळे सगळा भार स्टेप २ च्या गुणांवर आला आहे. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी ‘मॅच’चा, म्हणजे कोणाला कुठे रेसिडेन्सी (रुग्णालयातलं पुढचं प्रशिक्षण) मिळाली याचा निकाल, १ जुलैला ती सुरू. फॅमिली मेडिसिन किंवा इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षं. व्हिसा बहुधा जे-१, म्हणजे तोच एक्स्चेंज व्हिजिटरचा. त्यासाठी मायदेशाच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं, की या विषयातले डॉक्टर आमच्या देशाला हवे आहेत. हे पत्र मनिलाही देतं आणि दिल्लीही. पत्रातलं वाक्य खरं असतं, आणि ते घेऊन निघालेला माणूस बहुधा परत येत नाही, हे पत्र देणाऱ्यालाही ठाऊक असतं.

जे-१ वर शिकलेल्याला नंतर दोन वर्षं मायदेशी राहून यावं लागतं. इतर एक्स्चेंजवाल्यांना आपल्या सरकारचं ‘हरकत नाही’ पत्र आणून यातून सुटता येतं. रेसिडेन्सी केलेल्या डॉक्टरला ती वाट बंद आहे. त्याच्यासाठी उरतो वेव्हर, म्हणजे या अटीतून माफी. कॉनराड योजनेत प्रत्येक राज्याला दरवर्षी तीस वेव्हर मिळतात. आधी वीस होते, २००२ मध्ये तीस झाले. अट अशी, की सरकारने तुटवड्याचा म्हणून जाहीर केलेल्या भागात तीन वर्षं, आठवड्याला किमान चाळीस तास काम करायचं. प्राथमिक सेवेसाठी तुटवड्याचं साधारण माप म्हणजे ३,५०० लोकांमागे एकच डॉक्टर. बरीच राज्यं १ ऑक्टोबरपासून अर्ज घेतात. मोठ्या राज्यांच्या जागा भराभर संपतात, डोंगरी राज्यांत काही वेळा उरतात. ॲपलॅशियाच्या तेरा राज्यांसाठीच्या विकास आयोगाची वेगळी खिडकीही आहे, पण ती प्राथमिक सेवेपुरती.

क्रम असा: आधी नोकरीचा करार, मग राज्याच्या आरोग्य खात्याची शिफारस, मग परराष्ट्र खात्याची, मग इमिग्रेशनची मंजुरी, मग एच-१बी हा कामाचा व्हिसा. मंजुरीनंतर ९० दिवसांत कामावर हजर व्हावं लागतं. गोंधळ होतो तो सहसा तीन ठिकाणी. पहिलं, परवाना. राज्याचा वैद्यकीय परवाना हाती यायला महिने लागतात आणि मनिलाहून कागद मागवायचे तर अजून जास्त. म्हणून रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज टाकलेला बरा. दुसरं, कामाची जागा. एच-१बी पत्त्याला बांधलेला असतो. रुग्णालयाने ‘आठवड्यातून दोन दिवस पलीकडच्या काउंटीतल्या क्लिनिकला बसा’ म्हटलं की तो पत्ताही आधी कागदावर यावा लागतो, आणि तो भागही तुटवड्याच्या यादीत असावा लागतो. तिसरं, रुग्णालयच बंद पडणं. २०१० नंतर अमेरिकेत शंभराहून जास्त ग्रामीण रुग्णालयं बंद झाली. अशा वेळी उरलेली वर्षं दुसऱ्या तुटवड्याच्या भागात काढता येतात, पण नवा मालक शोधायला हाताशी साठच दिवस असतात.

करार वाचताना तरुण डॉक्टर पगाराचा आकडा बघतो. बघायला हवा विम्याचा परिच्छेद. बऱ्याच नोकऱ्यांत वैद्यकीय हलगर्जीच्या दाव्यांचा विमा असा असतो, की दावा दाखल होताना पॉलिसी चालू असली तरच ती कामाची. नोकरी सोडल्यावर जुन्या रुग्णांच्या दाव्यांसाठी वेगळं ‘टेल’ संरक्षण घ्यावं लागतं, आणि त्याची किंमत वर्षाच्या हप्त्याच्या साधारण दीड ते दोन पट असते. हे टेल कोण भरणार हे लिहिलेलं नसेल तर ते डॉक्टरच्या गळ्यात पडतं. त्याखालोखाल महिन्याला किती रात्री कॉल, म्हणजे बोलावलं की हजर व्हायची पाळी, हा आकडा. ‘वाजवी प्रमाणात’ असं लिहिलेलं असेल तर ते न लिहिल्यासारखंच.

आता काम. या भागातलं लहान रुग्णालय बहुधा ‘क्रिटिकल ॲक्सेस’ दर्जाचं असतं. १९९७ च्या कायद्याने ठरवलेला हा दर्जा: जास्तीत जास्त २५ खाटा, रुग्णाचा सरासरी मुक्काम ९६ तासांच्या आत, चोवीस तास इमर्जन्सी, आणि दुसरं रुग्णालय ३५ मैलांवर, डोंगरी रस्त्यांवर १५ मैलांवर. कॉलवरच्या डॉक्टरने तीस मिनिटांत पोचलं पाहिजे. म्हणून तो गावातच राहतो, आणि किराणा घेताना लोक त्याला आपला साखरेचा आकडा सांगतात.

सकाळी वॉर्डाची फेरी, मग क्लिनिकमध्ये वीस-पंचवीस रुग्ण, दुपारी नर्सिंग होम, आणि मधूनच इमर्जन्सीचा फोन. छातीत दुखणारा माणूस आला की दहा मिनिटांत ईसीजी. हृदयविकाराचा मोठा झटका दिसला तर पहिला प्रश्न औषधाचा नसतो, अंतराचा असतो: अँजिओप्लास्टी करणाऱ्या रुग्णालयात १२० मिनिटांच्या आत फुगा फुगेल का? हेलिकॉप्टर उडत असेल तर जमतं. पहाटे दऱ्यांत धुकं साचलेलं असतं, आणि त्या तासांत हेलिकॉप्टर येत नाही. मग रस्त्याने दोन तास. अशा वेळी गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज तीस मिनिटांत द्यायचं. मात्रा वजनावर: साठ किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, मग दर दहा किलोंना पाच वाढवत, नव्वद आणि त्यावर ५०. एकच इंजेक्शन, पाच सेकंदांत. सोबत ॲस्पिरिन चावायला आणि पंचाहत्तरपर्यंतच्या रुग्णाला क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम.

हे सगळं भिंतीवर चिकटवलेलं असतं, तरी चुकतं. अमेरिकन रुग्ण वजन पौंडांत सांगतो आणि मनिलात किलोंवर वाढलेला नवा डॉक्टर घाईत भागाकार करतो. १८० पौंड म्हणजे ८२ किलो, मात्रा ४५. ‘एकशे ऐंशी’ हा आकडा कुणी किलोच्या रकान्यात टाकला की पूर्ण ५० दिलं जातं. म्हणून खाटेलाच वजनकाटा असलेला बरा, आणि त्याचा आकडा किलोंतच दिसेल असं बटण कायमचं लावून ठेवावं. आधी कधी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, तीन महिन्यांत पक्षाघात, महाधमनी फाटल्याची शंका, हे प्रश्न नर्सने मोठ्याने वाचायचे आणि डॉक्टरने मोठ्याने उत्तर द्यायचं. तासा-दीड तासाने पुन्हा ईसीजी. उचललेली एसटी रेघ निम्म्याहून खाली आली नसेल तर गुठळी सुटलेली नाही आणि निघायची घाई वाढते.

मग फोन सुरू. रुग्ण पाठवायचा तर पलीकडे त्याला स्वीकारणाऱ्या डॉक्टरचं नाव हवं, खाट हवी, नर्सकडून नर्सला निरोप हवा, स्कॅनच्या प्रतिमा पोचलेल्या हव्यात. पहिलं मोठं रुग्णालय खाटा नाहीत म्हणतं, दुसरं परत फोन करतो म्हणतं. लहान गावचा डॉक्टर किती चांगला, हे मला वाटतं त्याच्या निदानाइतकंच त्याच्या फोनवर ठरतं. पलीकडच्या शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाला त्याचं नाव आणि आवाज ओळखीचा असेल तर अर्धा तास वाचतो. ही ओळख तीन वर्षांत होत नाही.

बोली कळायलाही वेळ जातो. या डोंगरांतला माणूस मधुमेहाला ‘शुगर’ म्हणतो, जसं आपल्याकडेही म्हणतात. उच्च रक्तदाबाला ‘हाय ब्लड’ म्हणतो, आणि गंमत म्हणजे फिलिपिन्समध्येही अगदी हेच म्हणतात. तो ‘स्मदरिंग’ म्हणाला की दम लागतोय. ‘फेल आउट’ म्हणाला की पडला असं नाही, शुद्ध हरपली होती. ‘नर्व्ह्‌ज’ म्हणाला की झोप, भीती, दारू, गोळ्या यातलं काहीही असेल. थंडीत घराबाहेर उभं राहून धाप लागते असं सांगणारा माणूस खरं तर फुप्फुसाबद्दल बोलत असतो, आणि इथे फुप्फुस म्हटलं की खाण आली.

काळ्या फुप्फुसाचा, म्हणजे खाणीतली धूळ साचून होणारा आजार हा या भागातल्या डॉक्टरचा खरा विषय. नोव्हेंबर १९६८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ माणसं गेली. पुढच्याच वर्षी आलेल्या कायद्याने हवेतल्या धुळीवर मर्यादा आणि आजारी कामगाराला भरपाई आली. आजार ओसरत चालला असं काही दशकं वाटत होतं. मग २०१८ मध्ये सरकारी संशोधकांनी नैर्ऋत्य व्हर्जिनियातल्या तीनच क्लिनिकांच्या नोंदींत, २०१३ ते २०१७ मधले, या आजाराच्या सर्वांत वाईट प्रकाराचे ४१६ रुग्ण मोजले. जाड थर संपले, उरलेल्या पातळ थरांतून कोळसा काढताना यंत्र वरखालचा खडकही कापतं आणि त्या खडकात सिलिका असते. त्यामुळे चाळिशीतल्या माणसांची फुप्फुसं सत्तरीतल्यासारखी दिसू लागली.

एक्स-रे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पद्धतीने वाचायचा असतो आणि त्यासाठी वेगळी परीक्षा देऊन ‘बी रीडर’ व्हावं लागतं. गोल डागांचे तीन आकार: पी दीड मिलिमीटरपर्यंत, क्यू तीनपर्यंत, आर दहापर्यंत. आर जास्त दिसले की सिलिकाचा संशय घ्यायचा. एक सेंटिमीटरच्या पुढे गेलेली सावली म्हणजे गुंतागुंतीचा आजार. घनता ०/- पासून ३/+ पर्यंत मोजतात, आणि एक्स-रेच्या आधारावर भरपाईचा दावा उभा राहायला किमान १/० लागतं.

दावा हरतो तो मात्र बहुतेक वेळा लिहिण्यात. फुंकणीची चाचणी तीनदा नीट झाली पाहिजे, त्यातल्या दोन सर्वोत्तम फुंकींत पाच टक्के किंवा शंभर मिलिलिटर यातल्या जास्त आकड्याहून फरक नको, आणि आलेख जोडलेले हवेत. नुसते आकडे पाठवले की समोरचा वकील अहवाल बाद ठरवायला बघतो. इतिहासात खाणीखालची वर्षं वेगळी आणि वरच्या कामाची वेगळी लिहायची, कारण जमिनीखाली पंधरा वर्षं आणि काम करता येणार नाही इतकी श्वसनाची दुर्बलता दाखवली की कायदा आजार कोळशामुळेच झाला असं गृहीत धरतो. हे गृहीतक मधे काढून टाकलं होतं, ते २०१० मध्ये परत आलं. सर्वांत मोठी चूक धूम्रपानाची. रुग्ण विड्या ओढतो म्हणून डॉक्टर ‘सीओपीडी (श्वासमार्ग आकसण्याचा जुनाट आजार), धूम्रपानामुळे’ इतकंच लिहून मोकळा होतो. कायद्याच्या दृष्टीने धुळीचा त्यात लक्षणीय वाटा असला तरी तो आजार भरपाईत बसतो. पण तो वाटा का मानला याचं कारण अहवालात हवं, नुसतं ‘सुसंगत’ असा शब्द टाकून भागत नाही. नवा डॉक्टर हे शिकतो तेव्हा बाँडची दोन वर्षं सरलेली असतात.

गोळ्यांचं इथे थोडक्यात. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे अफूवर्गीय वेदनाशामक आलं आणि पाठदुखीने खंगलेल्या या खाणपट्ट्याला त्याने पोखरलं. रोख पैसे घेऊन गोळ्या लिहिणारी क्लिनिकं चालवणाऱ्यांत परदेशातून आलेले डॉक्टरही होते आणि इथलेही. व्यसन सोडवणारं ब्युप्रेनॉर्फिन लिहायला मात्र वेगळी परवानगी आणि पहिल्या वर्षी तीस रुग्णांची मर्यादा होती. वेगळ्या परवानगीची ही अट २०२२ अखेरच्या कायद्याने गेली. वेदनाशामक कोणीही लिहावं आणि उतारा मात्र मोजून द्यावा, असा तो काळ.

आता राहण्याचं. गावकरी समजतात की डॉक्टर पैशासाठी गाव सोडून जातो. माझ्या मते तो बहुतेक वेळा नवऱ्यासाठी किंवा बायकोसाठी जातो. रेसिडेन्सीत जे-१ वर असताना जोडीदाराला कामाची परवानगी मिळते. वेव्हर घेऊन एच-१बी वर आलं की जोडीदार एच-४ या आश्रिताच्या व्हिसावर येतो आणि ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्याला पोचेपर्यंत त्याला काम करता येत नाही. म्हणजे लेक्सिंग्टन शहरात नोकरी करणारी बाई तीनशे घरांच्या गावात घरी बसते. ती नर्स असेल, आणि फिलिपिनो जोडप्यांत हे नवल नाही, तर रस्त्यापलीकडच्या रुग्णालयात नर्सच्या जागा रिकाम्या असतात आणि तिला त्या भरता येत नाहीत. दोघंही जे-१ वरचे डॉक्टर असतील तर दोन वेव्हर लागतात, तेही एकमेकांपासून गाठता येईल अशा अंतरात. ज्या रुग्णालयाला डॉक्टर टिकवायचा आहे त्याने पहिल्याच वर्षी ग्रीन कार्डची कागदपत्रं सुरू करावीत. बाकी गुच्छ, फलक, सत्कार नंतर.

तुटवड्याच्या भागात एकूण पाच वर्षं काढणाऱ्या डॉक्टरला ग्रीन कार्डसाठी वेगळी सवलत आहे आणि वेव्हरची तीन वर्षं त्यात धरली जातात. यात फिलिपिनो आणि भारतीय यांच्या वाटा फुटतात. फिलिपिनोची या वर्गातली रांग आटोपशीर. भारतीयाची दशकभराहून लांब. त्यामुळे शेजारच्या खोलीतला मराठी डॉक्टर बारा वर्षांनंतरही एच-१बी वर असू शकतो. भावंडांना बोलावण्याच्या रांगेत मात्र फिलिपिनोचीही वाट लांब, वीस वर्षांच्या घरात.

दुसरं कारण कॉल. दोघांत मिळून एक आड एक रात्र म्हणजे वर्षाला १८२ रात्री. तिसरा डॉक्टर मिळाला की १२१. या साठ रात्रींच्या फरकावर लग्नं टिकतात. कधीमधी शनिवार-रविवार भाडोत्री डॉक्टर आणायला रुग्णालय कुरकुरतं, पण डॉक्टर गेला की तेच भाडं बाराही महिने भरावं लागतं.

मग भात. आशियाई दुकान दोन तासांवर असतं, म्हणून महिन्यातून एकदा शहराला जाऊन पन्नास पौंडांचं तांदळाचं पोतं, पातिस म्हणजे माशाचा खारट रस, बागोओंग म्हणजे आंबवलेल्या मासळीचा खारट लगदा, आणि कालामान्सी या छोट्या लिंबाचा बाटलीबंद रस आणतात. सिनिगांग, म्हणजे चिंचेचा आंबट रस्सा, पाकिटातल्या भुकटीवर भागवतात. आमसूल संपलेल्या कोकणी स्वयंपाकघरात जे व्हिनेगरने होतं, तसंच काहीसं तेही होतं. रुग्णालयाच्या सामूहिक जेवणात लुंपियाचा, म्हणजे तळलेल्या सारणाच्या गुंडाळ्यांचा ट्रे पहिला रिकामा होतो आणि पुढच्या वर्षीपासून तो न विचारता यादीत धरला जातो. हा भाग बाप्टिस्टांचा. कॅथलिक चर्च लहान, रविवारी बाक अर्धे रिकामे. तिथे दोन-तीन फिलिपिनो कुटुंबं आली की १६ ते २४ डिसेंबरच्या नऊ प्रार्थनांना माणसं दिसू लागतात. मायदेशी त्या पहाटे होतात, इथे पाळ्या सांभाळून संध्याकाळी.

घराच्या एका कोपऱ्यात खोका भरत असतो. बालिकबायान, म्हणजे परदेशातले फिलिपिनो मायदेशी पाठवतात तो खोका, साधारण २४ बाय १८ बाय २४ इंच, समुद्रमार्गे दीड-दोन महिने. कॅनमधलं मांस, साबण, टॉवेल, चॉकलेट, शाळेच्या वह्या. तळाला जड आणि न फुटणारं, साबण आणि चॉकलेट कधीही शेजारी नाहीत, नाहीतर चॉकलेटला साबणाचा वास. २०१६ च्या कायद्याने फिलिपिनो नागरिकाला वर्षातून तीनदा, एकूण दीड लाख पेसोंपर्यंतचा माल करमुक्त पाठवता येतो; एकाच वस्तूचा ढीग असला तर तो विक्रीचा समजतात. औषधं या खोक्यात घालू नयेत. जानेवारी-फेब्रुवारीत माजी विद्यार्थ्यांची वैद्यकीय शिबिरं तिकडे जातात, गलगंड, हर्निया, दुभंगलेले ओठ यांच्या शस्त्रक्रिया होतात. त्यासाठी तिथला तात्पुरता परवाना काढावा लागतो आणि औषधांची मुदत पोचताना किमान वर्षभर उरलेली हवी.

त्या शिबिराला येणारी रांग हाच हिशेबाचा दुसरा रकाना. फिलिपिन्सच्या प्रत्येक तालुकावजा नगरपालिकेत एक ग्रामीण आरोग्य केंद्र आणि एक आरोग्य अधिकारी अपेक्षित आहे. ताप, बाळंतपणं, लसीकरण, मृत्यूचे दाखले, खुनाचं शवविच्छेदनही त्याच्याकडे. १९९१ च्या कायद्याने त्याचा पगार केंद्राकडून महापौराकडे गेला, आणि महापौर बदलला की औषधांचं बजेटही बदलू लागलं. १९९३ मध्ये आरोग्यमंत्री हुआन फ्लाविएर यांच्या खात्याला डॉक्टरच नसलेल्या २७१ नगरपालिका सापडल्या आणि दोन वर्षांच्या करारावर तरुण डॉक्टर पाठवण्याची योजना निघाली. म्हणजे केंटकीत तीन वर्षांचा बाँड आणि तिकडे दोन वर्षांचा. दोन्हीकडे गाव तेच करतं, मोजत बसतं. २००४ मध्ये तर तिथल्या परवाना परीक्षेत पहिल्या आलेल्या डॉक्टरने अमेरिकेत नर्स म्हणून जायचं ठरवलं. त्या वर्षांत कितीतरी डॉक्टर रात्रीच्या वर्गांना बसून नर्सिंग शिकत होते, कारण नर्सचा व्हिसा लवकर मिळे. आणि तिकडे रिकाम्या होणाऱ्या वर्गखोल्यांत, दावाओसारख्या शहरांत, आता भारतीय मुलं बसतात, त्यांत महाराष्ट्रातलीही. नोव्हेंबर २०२१ च्या आपल्या नियमांनी परदेशातलं वैद्यकीय शिक्षण किमान ५४ महिन्यांचं हवं म्हटलं आणि फिलिपिन्सचं एमडी पडलं ४८ महिन्यांचं, तेव्हा त्यांच्या घरी काय झालं ते वेगळं सांगायला नको.

एक प्रयोग मात्र वेगळा आहे. फिलिपिन्समध्ये लेते बेटावरच्या पालो इथे फिलिपिन्स विद्यापीठाची, १९७६ मध्ये सुरू झालेली एक शाळा चालते. गावच उमेदवार निवडून पाठवतं. तो आधी सुईणीचं काम शिकतो, गावी परतून ते करतो, गावाने पुन्हा शिफारस केली तर नर्सिंग, मग पुन्हा गाव, मग डॉक्टरकी. पायरी चढायला दरवेळी गावाची सही लागते. तिथले बहुतेक विद्यार्थी देशातच राहिले. त्यांना बांधून ठेवणारा कागद नव्हता असं नाही, पण तो कागद त्यांना ओळखणाऱ्या माणसांनी लिहिलेला होता.

कोळसापट्ट्यात १९७० च्या दशकात आलेली पिढी आता निवृत्त झाली आहे किंवा गेली आहे. लहान गावच्या दवाखान्याला टाळं लावायलाही सहा महिने पुरत नाहीत. रुग्णांना आगाऊ पत्रं, स्थानिक वर्तमानपत्रात सूचना, नियंत्रित औषधांचा हिशेब, टेलचा विमा. कागदांच्या प्रती सगळे देतात. जुन्या एक्स-रे फिल्म्स मात्र कपाटासकट भंगारात जातात, कारण त्या ठेवायला जागा लागते आणि नव्या यंत्रणेत त्या दिसत नाहीत. खाणकामगाराचं तिथेच नुकसान होतं. १९८९ ची फिल्म शेजारी ठेवल्याशिवाय आजची सावली वाढली की होतीच, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर निवृत्त होणार असं कळताच प्रत्येक जुन्या कामगाराने आपल्या सगळ्या फिल्म्स मूळ स्वरूपात मागून घ्याव्यात, पाकिटावर तारीख आणि खाणीचं नाव लिहून, आणि त्या कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्या की दमट दरीत त्या एकमेकींना चिकटतात.